संदर्भदिन : सोमवार

नांदेड,
रविवार, दि. १६ नोव्हेंबर २०२५

स्वस्ति श्री. गोदावरीतटी नंदिग्रामनगरीत, उद्वाहकविहीन इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर विराजमान, अर्थशास्त्रपारंगत, अनुशेषगणनधुरंधर, चर्चासत्रकेसरी, समतोल प्रादेशिक विकासविषयक तीन समित्यांचे सन्माननीय सदस्य व चौथीचे विस्मृत निमंत्रित, शर्करापीडित, उपनेत्रधारी, प्राध्यापक डॉक्टर राजशेखर माणिकप्पा हत्ते यांजकडून, मुक्काम मुरुड येथील अर्जलेखनसार्वभौम, करडवाडी प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेतील पाढेपठणविजेते, प्रस्तुत लेखकाच्या पाटीवरील गणिते सलग तीन वर्षे गुप्तपणे सोडवून देणारे, श्रीयुत संघपाल पंढरी सरवदे यांस शरणु शरणार्थी आणि सप्रेम जय भीम.

संघपाल, साडेतीन वर्षांनी पत्र लिहिणाऱ्याला मजकूर सापडत नसला, की तो बिरुदे लिहितो. फोन केला असता. पण तू उचलला नसतास. उचलला असतास तर मी काय बोललो असतो तेही मला ठाऊक आहे. थंडी पडू लागली का, असे विचारले असते. कागदावर निदान तेवढी पळवाट लांबवत नेता येत नाही.

इकडील सर्व क्षेम. सौ. मंजुश्रीचा उजवा गुडघा जिन्याशी असहकार पुकारून आहे. आमची लेक अक्षरा अभियंता झाली आणि पुण्यास गेली. मराठवाड्यातील तरुणांनी मराठवाड्यातच राहावे या विषयावर माझी तीन व्याख्याने ध्वनिमुद्रित आहेत, ती मी तिला कधीही ऐकवलेली नाहीत. माझी निवृत्ती पाच वर्षांवर आहे. तुझे अर्ज भरून देण्याचे केंद्र मुरुडच्या बाजारात उत्तम चालते असे ऐकतो. पीकविम्यापासून जातपडताळणीपर्यंत सगळ्या गावाचे रकाने तू बिनचूक भरतोस, असे परवा एसटीत एक अनोळखी गृहस्थ शेजारच्याला सांगत होते. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

पत्रास कारण एक प्रश्न झाला.

ऑक्टोबरच्या अखेरीस विष्णुपुरीला गणकांचे प्रशिक्षण होते. औद्योगिक क्षेत्राच्या दुसऱ्या टप्प्यासाठी रेणापूर तालुक्यातील गावांत मनुष्यबळाची मोजणी व्हायची आहे. समोर चाळीस तरुण-तरुणी, प्रत्येकाच्या हाती माझीच 'ग्रामीण मनुष्यबळ मापन मार्गदर्शिका', तृतीय आवृत्ती. उदगीरकडील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पान अकरावर संदर्भदिन सोमवार दिलाय. सोमवारच का?"

मी कंठशुद्धी केली. सप्ताहारंभी श्रमबाजाराची स्थिती विश्रांतीच्या व आठवडी बाजाराच्या प्रभावापासून अलिप्त, म्हणून सर्वाधिक निर्भेळ असते, असे मी निवेदन केले. चाळीस जणांनी ते वाक्य उतरवून घेतले. ती मुलगीही लिहीत होती. तिच्या लेखणीकडे पाहत असताना मी हातातली मार्गदर्शिका मिटली, कारण त्या वाक्याचे मूळ तुला आणि मला सोडून कोणालाच माहीत नाही. सन २०१८ च्या वेळापत्रकात सोमवारी मला एकही तास नव्हता. एवढेच. एका जिल्ह्याच्या विकासाचा संदर्भदिन एका प्राध्यापकाच्या सुटीवरून ठरला, आणि आता तो तिसऱ्या आवृत्तीत आहे.

तू म्हणशील, हे मला माहीत आहे, पुढे बोल. बोलतो. थोडे वळसे घेतो, ते सहन कर.

आमच्या शास्त्रात एक गृहीतक आहे. शेतीत माणसे गरजेपेक्षा जास्त असतात. ती कामावर असल्यासारखी दिसतात, पण त्यांतील काही उचलून नेली तरी एक दाणा कमी पिकत नाही. ती उचलून कारखान्यात ठेवली, की प्रदेश मागासलेपणातून बाहेर येतो. हे मी एकोणतीस वर्षे शिकवतो आहे. गृहीतक देखणे आहे, फळ्यावर दोन वक्ररेषांत मावते, आणि मोजायलाही सोपे वाटते. गावात जावे, कोण रिकामा बसला आहे ते पाहावे, त्याला अतिरिक्त म्हणावे. त्या रिकाम्या माणसाला 'बाबा, आज का बसलास?' असे विचारण्यासाठी मात्र कोणत्याही समितीने आजवर रकाना ठेवलेला नाही.

करडवाडीत सोमवारी औत जुंपत नाहीत. तो नंदीचा वार. हे मला पुस्तकात वाचावे लागले नाही. मी सहा वर्षांचा असताना सोमवारी खेळता खेळता खोंडाच्या मानेवर दोरी टाकली, तेव्हा माझ्या वडिलांनी, माणिकप्पांनी, आयुष्यात एकदाच माझ्यावर हात उचलला होता. तू शेजारी उभा होतास आणि हसत होतास. तेव्हा मला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय माझ्यापाशी नाही. परक्या देशातून आलेल्या एखाद्या तज्ज्ञाला ती सोय असते. मला नव्हती.

आणि आमची औते थांबली, की औतामागचा मजूरही मोकळा. म्हणून तुमच्या वस्तीतील माणसे सोमवारी गायरानात जात. सहा दिवस आमच्या शेतात, सातव्या दिवशी आपापल्या तुकड्यावर. तुमच्या मागच्या तीन पिढ्यांनी दगड वेचून ते गायरान पिकते केले ते बहुतांशी सोमवारांच्या बळावर. हेही मला ठाऊक होते. नागुमावशी, तुझी आई, तिथली मटकी आमच्या घरी आणून द्यायची. ती मी खाल्लेली आहे.

तर २०१८ साली, पहिल्या टप्प्याच्या मोजणीसाठी, आषाढातले दोन आणि श्रावणातले दोन, असे चार सोमवार आपण दोघे करडवाडीत हिंडलो. मी संशोधनप्रमुख, तू क्षेत्रीय गणक. एकच विषय, एकच पदवी, वर्ग तुझा माझ्याहून वरचा. मी कायम, तू कंत्राटी. त्याविषयी आपण कधी बोललो नाही, आणि मी ते बोलणे निघू न देण्याविषयी दक्ष असे.

काय दिसले? पारावर आमची माणसे, धुतलेले धोतर, कपाळी विभूती, निवांत. कर्त्या पुरुषांपैकी एक्केचाळीस टक्के 'कार्यविरहित'. तुमच्या वस्तीत अठ्ठावीसपैकी बावीस घरांना कुलूप. मोजणीच्या अर्जाच्या नमुन्यात बंद घरासाठी एकच पर्याय होता: 'स्थलांतरित'. आणि गायरानावर हक्क सांगायला घरी कोणी नव्हते, म्हणून गायरान 'विनावापर'.

माझ्या माणसांना मी अतिरिक्त ठरवले आणि तुझ्या माणसांना अनुपस्थित. एकाच वारी, एकाच लेखणीने.

रेणापूरच्या हॉटेलात चहा पिताना तू जे बोललास ते मी विसरलो आहे, असे मी स्वतःला बरीच वर्षे सांगत आलो. विसरलेलो नाही.

"राजू, ह्ये मोजणं चुकून राहिलंय. मंगळवारी येऊ की."

"मंगळवारी मला तीन तास असतात."

"मग मी एकटा येतो. बसचं तिकीट मी काढतो."

"गणकाने परस्पर संदर्भदिन बदलणे शास्त्रसंमत नाही."

"आरं, तुज्या शास्त्राला बैल ठाव हाय का?"

मी खूप हसलो. हॉटेलवाला वळून पाहू लागला इतका हसलो. तू हसला नाहीस. तू पिशवीतून अर्ज काढलेस आणि तिथेच, चहाचा पेला बाजूला सारून, बावीस अर्जांच्या तळाच्या 'शेरा' या रकान्यात एकेक करून लिहीत गेलास: 'घर बंद. माणसे गायरानात खुरपणीवर. आज सोमवार, औते बंद. उद्या परत यावे.' बावीस वेळा. मी घड्याळ पाहत होतो, कारण नांदेडची गाडी निघायची होती.

ते शेरे पुढे अहवालात का आले नाहीत, हे तू मला कधी सरळ विचारले नाहीस. संगणकात भरताना तो रकानाच नव्हता, असे तुला वाटले असेल. ते तसे नाही, संघपाल. ते मी खोडले. घरी बसून, पट्टी ठेवून, सरळ रेघेने. समितीच्या सचिवांनी मला दूरध्वनीवर अतिशय सौजन्याने सांगितले होते, "प्रोफेसरसाहेब, आकडा चाळीसच्या वर असला तर प्रस्ताव पुढे सरकतो. खाली असला तर लातूर पुन्हा पाच वर्षं मागं." मला लातूर पाच वर्षे मागे ठेवायचे नव्हते. शिवाय मला पुढच्या समितीवर यायचे होते. या दोन इच्छांपैकी कोणती वजनाने जास्त होती, हे तोलण्याचे काम मी आजवर टाळले आहे.

वाक्य खोडताना माणसाला लाज वाटते, असा माझा समज होता. तसे काही होत नाही. पट्टी सरकू नये याकडेच सगळे लक्ष असते.

आता गेल्या सोमवारविषयी. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मला झोप नीट लागेना, तेव्हा दहा तारखेला रजा टाकून करडवाडीस गेलो. वरच्या अंगाला औद्योगिक क्षेत्राची कमान आहे. आत चाळीस भूखंड, त्यांपैकी सहांवर शेड. एकात प्लॅस्टिकचे पाइप बनतात. कामगार कंत्राटदाराने बाहेरून आणलेले. गावातले लोक सुगीत दांड्या मारतात, अशी त्याची तक्रार आहे. माझ्या अहवालानुसार त्या लोकांना सुगीत काही काम असायलाच नको होते.

पारावर आमचे गुरुबसप्पा काका बसले होते. त्यांचे शेत गेले, मोबदला आला, बैलजोडी अहमदपूरच्या बाजारात विकली.

"कोन, शेखर? ये. बस." त्यांनी पाराची धूळ उपरण्याने झटकली. "आज कॉलेज न्हाई व्हय?"

"रजा घेतली. काका, आज सोमवार म्हणून सगळे पारावर का?"

काका हसले. त्यांना पुढचे दात नाहीत. "आता रोजच सोमवार हाय बाबा. बैलच न्हाईत तर वार कशाला मोजावा?" मग शेजारी बसलेल्या दोघांकडे पाहून म्हणाले, "ह्यो आपला माणिकप्पाचा. मोठा मास्तर हाय नांदेडला. ह्यानंच मोजलंतं आपल्याला."

"काय निगालं मोजून?" त्यांतला एक म्हणाला.

"जास्ती निगालो म्हनं आपन."

तिघेही हसले. त्यांच्या हसण्यात माझ्याविषयी काहीही वाईट नव्हते. ते असते तर बरे झाले असते.

मी तिथे बसून मनात मोजले; सवय जात नाही. पाराच्या त्या बाजूला अकरा, देवळाच्या पायरीवर सात, बंद पिठाच्या गिरणीपाशी पाच. आज मोजणी केली तर एक्केचाळीस टक्क्यांहून अधिक निघतील, आणि मंगळवारी, बुधवारी, कुठल्याही वारी तेवढेच निघतील. २०१८ साली माझा आकडा खोटा होता. तो खरा व्हायला सात वर्षे आणि एक औद्योगिक क्षेत्र लागले. गृहीत धरलेली गोष्ट धोरणाने अशी निर्माण करून दाखवल्याचे उदाहरण मला कोणत्याही ग्रंथात आढळलेले नाही. माझ्या नावावर हा एक मौलिक शोध जमा आहे.

तिथून खाली गेलो, गायरानाकडे. वरचा भाग कमानीत गेला; खालच्या तुकड्यात आता बारा घरे दाटीने पेरतात. दुसऱ्या टप्प्यात तो तुकडा जायचा आहे. शुक्रवारी, एकवीस तारखेला, लातूरला त्याची सुनावणी आहे हे मला नोटिशीवरून कळले. हरकतदारांत पहिले नाव नागुबाई पंढरी सरवदे, दुसरे तुझे.

तुझी आई तुरीत उभी होती. मी बांधावर थबकलो. तिने कपाळावर हात धरून पाहिले.

"कोन हाय? माणिकप्पाचा राजू का?"

"हाव मावशी."

"लई सुटलास रं." मग स्वतःच हसली. "ये, सावलीला ये. हितं खुर्ची न्हाई बाबा तुज्यासाठी."

मी मातीत बसलो. तिने तांब्यातले पाणी दिले. मी विचारले, संघपाल येतो का.

"दर आयतवारी येतो. घटकाभर थांबतो, खुरपं घेतो. तुजं नाव म्या काढलं की उठून जातो. काय झालं रं तुमच्यात?"

मी म्हणालो, "काही नाही मावशी. कामाचे व्याप."

ती तुरीच्या शेंगा खुडत राहिली. थोड्या वेळाने, मला विचारायचे म्हणून नव्हे, बोलता बोलता म्हणाली, "तैसीलात गेलतो आमी. तिथला सायेब म्हनला, कागदावर तुमी गावात नव्हताच. घरं बंद, मानसं भायेर गेल्याली. म्या म्हनलं, सायेब, जलमली हितं, वाढली हितं, मालक गेलं हितं. तर म्हनला, मोजनीत तसं हाय." मग माझ्याकडे वळली. "राजू, तू शिकलेला हायस. तू सांग. आमी कुटं गेलतो?"

संघपाल, मी एकोणतीस वर्षे वर्गात प्रश्नांची उत्तरे देतो आहे. न येणाऱ्या प्रश्नांचीही देतो, हे तू विष्णुपुरीच्या हकिकतीवरून जाणलेच असशील. त्या बांधावर मी एवढेच म्हणालो, "मी बघतो मावशी." ती म्हणाली, "बघ बाबा." आणि माझ्या हातरुमालात ओंजळभर कोवळ्या शेंगा बांधून दिल्या. मंजुश्रीने त्या मीठ घालून उकडल्या. एकही घशाखाली उतरली नाही असे लिहिणार होतो. उतरल्या. सगळ्या खाल्ल्या. चांगल्या होत्या.

आता जे राहिले ते वळसा न घेता लिहितो.

२०२२ च्या आरंभी शेडवाल्यांनी तक्रार केली, की अहवालात सांगितलेले मनुष्यबळ गावात सापडत नाही. वरून खुलासा मागवला गेला. मी खुलाशात लिहिले, आणि शब्द मला पाठ आहेत: 'पद्धती निर्दोष असून करडवाडी येथील विसंगती क्षेत्रीय गणकाच्या अनवधानामुळे व वैयक्तिक हितसंबंधांमुळे उद्भवलेली दिसते.' तू गणक. तुझी आई त्या वस्तीत. हितसंबंध हा शब्द किती चपखल बसला म्हणून त्या वेळी मला समाधानही वाटले होते. त्यानंतर तुला कोणत्याही सर्वेक्षणाचे काम मिळाले नाही. तुझे नाव यादीतून गळाले असे सगळे म्हणत. ते गळाले नव्हते.

आणि हितसंबंध कोणाचे होते? वरच्या अंगाच्या त्या जमिनीत आमचे साडेचार एकर होते. ज्यांच्या नावे सातबारा त्यांना मोबदला मिळाला, गायरानवाल्यांना साधी सूचनाही नाही. ज्या दुसऱ्या मजल्यावर मी आरंभी विराजमान झालो, तो त्या मोबदल्यातून घेतलेला आहे. आरंभी हे सांगायला हवे होते. तिथे बिरुदांची गर्दी झाली.

मग तू आलास. त्याच वर्षीचा मार्च महिना होता. तू घरात आलास, चपला नीट बाजूला काढल्यास, मंजुश्रीने दिलेला चहा घेतलास, आणि आवाज न चढवता म्हणालास, "राजू, मला काही नको. तेवढे मूळ अर्ज दे. शेरे आहेत त्यावर. माझं नाव राहू दे, पण आईचा तुकडा वाचेल." मी म्हणालो, अर्ज रद्दीत गेले. तू विचारलेस, नक्की? मी म्हणालो, तुझ्याशी खोटे बोलेन का?

तू ज्या दिवाणावर बसला होतास, त्याच्या पोटात ते होते. तुझ्या खाली, दोन रजया आणि एक जुनी सतरंजी यांच्या मध्ये, सुतळीने बांधलेले. चहाची बशी तू त्याच फळीवर ठेवलीस.

ते जाळण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि तुला देण्याचेही. दरम्यान त्यांच्यावर पाहुणे झोपले. अक्षरा अभ्यासाला बसली. गेल्या मंगळवारी मी ते काढले. माझी रेघ सरळ आहे, पण फार पातळ. तुझे अक्षर खालून स्वच्छ वाचता येते. बावीसच्या बावीस. एकावर चहाचा डाग आहे, तो रेणापूरचा असावा.

मी काय केले आहे ते सांगतो, म्हणजे त्याचे श्रेय मला द्यायला नको. प्रतिज्ञापत्र लिहिले आहे. त्यात असे म्हटले आहे, की गणकाने नोंदी अचूक केल्या होत्या, त्या संशोधनप्रमुखाने हेतुतः खोडल्या. करडवाडीची बौद्ध वस्ती मोजणीच्या दिवशी गावातच, गायरानात, कामावर होती. आणि २०२२ च्या खुलाशातील गणकाविषयीचे विधान असत्य आहे. महाविद्यालयास मसुद्याची एक प्रत पाठवली आहे. चौकशी होईल, व्हायला हवी. मंजुश्रीने ते वाचले. मग उठून दिवाणावरची चादर बदलली.

मार्गदर्शिका मागे घ्यावी, असे समितीलाही लिहिले. परवा उत्तर आले. तृतीय आवृत्तीचे वितरण पूर्ण झाले असल्याने दुरुस्तीचा विचार चतुर्थ आवृत्तीच्या वेळी करण्यात येईल. तेव्हा त्या चाळीस जणांची मोजणी उद्यापासून सुरू होणार, सोमवारीच. त्या उदगीरच्या मुलीचा क्रमांक मी कार्यालयातून मिळवला आणि तिला फोन केला. मी म्हणालो, "मी त्या दिवशी दिलेले उत्तर चुकीचे होते. तुम्ही मंगळवारीही जा." ती म्हणाली, "सर, ते लेखी द्याल का?" दिले.

शुक्रवारी सकाळी अकराला मी लातूरला येईन. अर्ज मी टपालाने पाठवत नाही; टपालावर माझा विश्वास आहे, माझ्यावर नाही, कारण ते पोचले की मी यायचे टाळेन. ते तुझ्या हाती देईन आणि मागच्या बाकावर बसेन. सुनावणीत काय होईल ते मला माहीत नाही. खोडलेल्या शेऱ्याला ते पुरावा मानतील का, तेही माहीत नाही. मला पुढे बोलावले तर मी उभा राहीन. मला ओळख दाखवण्याची गरज नाही. क्षमेविषयी मी काही लिहीत नाही, कारण ती मागणे म्हणजे पुन्हा एकदा तुझ्याकडून आपले गणित सोडवून घेणे होईल.

एवढेच कर. मावशीने मला विचारलेला प्रश्न तिने पुन्हा विचारला, तर उत्तर तू देऊ नकोस. ते मला देऊ दे, तिच्यासमोर, सगळ्यांसमोर. ती कुठेही गेली नव्हती, हे माझ्या तोंडून तिला ऐकू दे.

'तुझा' हा शब्द लिहिण्याचा अधिकार मी स्वहस्ते खोडला आहे, म्हणून नुसताच,

राजशेखर

ता. क. : प्रतिज्ञापत्रास सहा महिन्यांच्या आतील छायाचित्र लागते, म्हणून इथल्या वजिराबादच्या एका स्टुडिओत गेलो. त्या इसमाने माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पुसली, गाल गुळगुळीत केले, वर्णही दोन छटांनी उजळला. त्या चित्रात मी साक्षात निरपराध दिसतो. असत्याच्या कबुलीवर हा चेहरा कसा डकवावा? काल परत गेलो आणि म्हटले, होता तसा करून द्या. तो म्हणतो, "सर, मशीन आपोआप करून राहिलं, माझ्या हातात काय हाय? अन् हेच तर भारी दिसून राहिलं." आठ प्रती माथी मारल्या आहेत, एकही परत घ्यायला तयार नाही, आणि नोटरी उद्या दुपारी दोनपर्यंतच बसतो.